नळी कुठून कुठे जाते?

भाच्याने जर्मनीहून येताना नेहमीसारखी चॉकलेटं आणली असती, तर आमच्या जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग गेले सात महिने अडला नसता. "मामा, तुला लहानपणी ट्रकचं वेड होतं ना? आई सांगत होती," असं म्हणत त्याने एक भलंमोठं खोकं माझ्या हातात ठेवलं. इटालेरी या इटालियन कंपनीचं प्लॅस्टिकचं किट, एकास चोवीस मापाचं. आत व्होल्व्हो एफ१६ ग्लोबट्रॉटर. म्हणजे आपले ड्रायव्हर ज्याला 'घोडा' म्हणतात तो, ट्रेलर ओढणारा नुसता पुढचा भाग.

वेड होतं हे खरं. आमचं जुनं घर ए. बी. रोडपासून हाकेच्या अंतरावर होतं. बायपास व्हायच्या आधी आग्रा-मुंबई वाहतूक इंदूरच्या पोटातूनच जायची. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या हवेच्या ब्रेकचा 'फुस्स' ऐकून गाडी भरलेली की रिकामी यावर मी आणि ताई पैजा लावायचो. खरं-खोटं करायला कोणी नव्हतं, म्हणून दोघंही जिंकायचो.

हा एफ१६ मात्र मी रस्त्यावर कधी पाहिला नव्हता. व्होल्व्होने एफ१० आणि एफ१२ हे ट्रक १९७७ साली आणले, १९७९ मध्ये ग्लोबट्रॉटर ही उंच छपराची केबिन आली, आणि १९८७ मध्ये एफ१६. सोळा लिटरचं, एका रांगेत सहा सिलिंडर असलेलं इंजिन. १९९३ मध्ये एफएच मालिका आली आणि हा मागे पडला. लांब पल्ल्याच्या युरोपीय ड्रायव्हरांचं घरच ते: छप्पर इतकं उंच की माणूस आत सरळ उभा राहू शकतो. खोक्यावरच्या चित्रात तो डोंगरातल्या रस्त्यावर दिमाखात उभा होता.

किट जोडायला तीन आठवडे लागले. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. भाग ज्या प्लॅस्टिकच्या सांगाड्याला जोडलेले येतात त्यातून ते कापा, कानशीने घासा, रंगवा, चिकटवा. केबिन, इंजिन आणि चासी मी वेगवेगळी ठेवली होती, कारण केबिन पुढे कलती करून इंजिन दाखवायची सोय किटमध्ये आहे. सगळं एकमेकांवर नुसतं ठेवून पाहिलं. पंचवीस सेंटिमीटरचा ट्रक. रंग ठीक, चाकं सरळ. आणि तरीही खेळणं. जत्रेत मिळतं तसं. कुठे बिघडलंय ते मात्र कळेना.

ते अण्णांना कळलं.

अण्णा राजेंद्रनगरला आमच्या समोरच्याच घरात राहतात. १९८६ साली पीथमपूरला मित्सुबिशीच्या तंत्रज्ञानावर आयशरच्या गाड्या बनायला लागल्या, त्यानंतर वर्षभरातच ते तिथे लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. २००८ मध्ये व्होल्व्होशी भागीदारी झाली तेही त्यांनी आतून पाहिलं. रविवारी सकाळी पोहे खायला ते आमच्याकडे येतात. त्या रविवारी त्यांनी ट्रक उचलला, आणि वरून न बघता सरळ उलटा केला. रंग, केबिन, दिवे, काही नाही. पोट बघितलं.

"ही हवेची टाकी ना?"

"हो."

"हिच्यात हवा येते कुठून?"

मी गप्प.

"आणि जाते कुठे?"

टाकी चासीला चिकटवलेली होती, बस. तिच्यात काही येत नव्हतं, तिच्यातून काही जात नव्हतं. मागच्या चाकांजवळचे ब्रेक चेंबर, म्हणजे हवेच्या दाबाने ब्रेक लावणारे डबे, तेही तसेच, छोटी मडकी टांगल्यासारखे. इंजिन, टाक्या, चाकं, सगळे एकाच घरातले आणि कोणाचं कोणाशी बोलणं नाही.

"हे काय आहे?" अण्णांनी इंजिनाच्या डोक्यावर बोट ठेवलं. तिथे मी मोठ्या हौसेने अर्ध्या मिलिमीटरची सहा भोकं पाडून ठेवली होती. मोटारींची मॉडेलं करणाऱ्यांचे व्हिडिओ पाहिले होते, त्यांत प्लगच्या वायरी लावल्या की इंजिन कसं जिवंत दिसतं ते दाखवलं होतं.

"प्लगच्या वायरींसाठी."

अण्णांच्या घशात शेव अडकली. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "अरे, डिझेल आहे ना ते! त्याला प्लग कुठला? हवा दाबली की इतकी तापते की डिझेल आत गेल्या गेल्या पेटतं. ठिणगी लागतेच कशाला? ती भोकं बुजव. तुला काही लावायचंच असेल तर सिलिंडरात डिझेल सोडणाऱ्या इंजेक्टरच्या नळ्या लाव. पण लावायच्या आधी मला सांगायचं, कोणती नळी कुठून कुठे जाते. सांगता आलं नाही तर लावायची नाही."

हा नियम मी सात महिने पाळला. वैतागून, पण पाळला.

पुढच्या शनिवारी अण्णा मला देवास नाक्याकडच्या एका गॅरेजात घेऊन गेले. तिथले उस्ताद त्यांच्या जुन्या ओळखीचे. आता गंमत बघा, इंदूरला २०१७ पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिला नंबर मिळाला, आणि मी त्याच शहरात मनासारखा घाण ट्रक शोधत फिरत होतो. मिळाला. पिटावर एक देशी ट्रक उभा होता, केबिन उघडलेली. मी बॅटरी घेऊन खाली उतरलो. "भिया, कपडे खराब हो जाएँगे," असं उस्ताद म्हणेपर्यंत ते झालेलेच होते.

खाली काय दिसलं ते नीट सांगतो, कारण पुढचं सगळं काम त्यावरच उभं आहे. इंजिनाला बिलगून एक छोटा कॉम्प्रेसर. त्यातून निघणारी पहिली नळी धातूची, कारण दाबलेली हवा गरम असते. "तिथे नायलॉन लावशील तर वितळून जाईल," अण्णा वरून ओरडले. हवा जरा थंडावली की पुढे नायलॉनच्या नळ्या, त्या टाक्यांकडे. टाक्यांतून ड्रायव्हरच्या पायाखालच्या व्हॉल्व्हकडे. तिथून पुढच्या चाकांच्या चेंबरांकडे, आणि एक नळी लांब मागे रिले व्हॉल्व्हपर्यंत. रिले का? ड्रायव्हरने पाय दाबला की हवा एवढ्या लांबून मागच्या चाकांपर्यंत पोचायला वेळ लागेल. म्हणून मागे टाकीची हवा आधीच तयार ठेवलेली असते आणि पुढून फक्त निरोप जातो. मागच्या चेंबरात आणखी एक जाडजूड स्प्रिंग असते. ती ब्रेक लावायला बघत असते आणि हवा तिला मागे दाबून धरते. हवा गेली की गाडी जागच्या जागी जखडते. लहानपणापासून मी समजत होतो की 'फुस्स' म्हणजे ब्रेक लागला. अण्णा म्हणाले, तो बहुतेकदा पाय उचलल्यावर बाहेर पडणाऱ्या हवेचा आवाज असतो. चाळीस वर्षांच्या सगळ्या पैजा रद्द.

मी ऐंशी फोटो काढले. त्यांतले साठ काळे आले.

घरी येऊन हिशोब मांडला. खऱ्या मापाला चोवीसने भागायचं. बारा मिलिमीटरची हवेची नळी म्हणजे मॉडेलवर अर्धा मिलिमीटर. इंजेक्टरची सहा मिलिमीटरची नळी म्हणजे पाव मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरसाठी जेल रोडवरून सोल्डरची तार आणली. ती मऊ असते, वाकवली की तशीच राहते. (शिसं असतं त्यात, हात धुवून मगच जेवायला बसा.) पाव मिलिमीटरसाठी घरातच खजिना होता: एक चौरस मिलिमीटरच्या लवचीक वायरीचं कातडं सोललं की आत ०.२ मिलिमीटरच्या बत्तीस तारा निघतात. पाव नाही, जरा बारीकच, पण त्यावर रंगाचा थर बसतो हे धरा. ज्यात १४ तारा असतात अशीही वायर मिळते, तिची तार ०.३ ची. ती मी आधी लावून पाहिली, तर इंजिनावर नळ गेल्यासारखं दिसायला लागलं. बारीक चुकलेलं डोळ्याला खपतं, जाड चुकलेलं खपत नाही. शिवणाचा दोरा मात्र अजिबात वापरू नका. एकास चोवीसमध्ये त्याचे तंतू म्हणजे नळीला दाढी फुटल्यासारखे दिसतात.

भोकं पाडायला हातड्रिल आणि सोनारांच्या कामाचे बारीक चिमटे, कानशी असं साहित्य सराफ्याकडच्या गल्लीतून आणलं. ०.३ ची दहा ड्रिलं घेतली होती, चार उरली आहेत. ती हातात जोर आला म्हणून तुटत नाहीत. मनगट किंचित तिरकं झालं की तुटतात.

इंजेक्टरच्या नळ्यांनी मला सगळ्यांत जास्त छळलं आणि सगळ्यांत जास्त आनंदही त्यांनीच दिला. इंजिनाच्या कुशीत डिझेलचा एक लांबट पंप असतो, त्याच्या डोक्यावर सहा तोंडं, एकेका सिलिंडरला एकेक. मी सहा तारा घेतल्या आणि पंपापासून सिलिंडरपर्यंत जवळच्या वाटेने सरळ नेल्या. छान पंख्यासारख्या पसरल्या. अण्णांनी चष्मा वर करून पाहिलं.

"या सगळ्या सारख्या लांबीच्या आहेत?"

"नाही. जवळच्या सिलिंडरची आखूड, लांबच्या सिलिंडरची लांब."

"म्हणजे आखूड नळीवाल्याला डिझेल आधी मिळणार आणि लांबवाल्याला उशिरा? इंजिन लंगडत चालेल की."

खऱ्या इंजिनात सहाही नळ्या एकाच लांबीच्या ठेवतात, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला डिझेल आपापल्या नेमक्या वेळी मिळतं. जवळच्या सिलिंडरची नळी म्हणून मुद्दाम वळसा घेते, लांबी जिरवते. ट्रकच्या इंजिनावर ती नागमोडी नळ्यांची जुडी दिसते ना, ती शोभेसाठी नसते. मी सहा तारा काढल्या. पट्टीवर मोजून बरोबर ३२ मिलिमीटरचे सहा तुकडे कापले आणि प्रत्येकाला दोन्ही टोकं गाठून उरलेली लांबी कुठे जिरवायची ते ठरवत बसलो. पहिलीला मोठी कमान, तिसरीला छोटा वळसा, सहावी जवळजवळ सरळ. तीन रात्री गेल्या. त्या तीन रात्रींनंतर पहिल्यांदा ते इंजिन इंजिनासारखं दिसलं. कारण न सांगता कोणाला दाखवलं तर वळसे कोणाच्या लक्षातही येणार नाहीत, पण काहीतरी बरोबर आहे एवढं त्यालाही जाणवेल असं मला वाटतं.

मग हवेच्या नळ्या. कॉम्प्रेसरची पहिली नळी तांब्याच्या तारेची, तिला रंगच दिला नाही, फक्त बोटाने मळवली. बाकीच्या सोल्डरच्या, मॅट काळ्या. रिकाम्या औषधाच्या पट्टीचं ॲल्युमिनियम कापून एक मिलिमीटरचे पट्टे केले आणि चासीच्या आतल्या बाजूने नळ्या दर दीड-दोन सेंटिमीटरवर त्या पट्ट्यांनी बांधल्या. खऱ्या ट्रकात नळी लोंबकळत ठेवत नाहीत, घासून फाटेल. हे सगळं मी गॅरेजातल्या फोटोंवरून मनापासून नक्कल करून केलं. पंधरा दिवस. कुठून कुठे, सगळं पाठ. अण्णांना बोलावलं. त्यांनी प्रश्न विचारले, मी फडाफड उत्तरं दिली. शाळेत तोंडी परीक्षेला इतका तयार कधी नव्हतो.

त्यांनी केबिन हातात घेतली, आत डोकावले आणि म्हणाले, "स्टिअरिंग कोणत्या बाजूला आहे रे?"

डावीकडे. युरोपातली गाडी. मी किटमध्ये डावीकडेच बसवलं होतं. आणि ब्रेकचा व्हॉल्व्ह, त्यातून निघणारा नळ्यांचा सगळा जुडगा, गॅरेजातल्या देशी ट्रकाप्रमाणे उजवीकडे नेला होता. माझा ड्रायव्हर डावीकडे बसून पाय दाबणार आणि ब्रेक उजवीकडच्या सीटखाली लागणार.

अण्णा काहीच म्हणाले नाहीत, ते जास्त लागलं. सगळं उखडलं. पुन्हा पंधरा दिवस, पण या वेळी एक शहाणपण केलं: केबिनला जाणाऱ्या नळ्या मुद्दाम सैल ठेवल्या. कारण उजवीकडची जोडणी उखडायच्या आधी मी उत्साहाने केबिन कलती करून पाहिली होती आणि दोन नळ्या मुळासकट उपटून आल्या होत्या. केबिन पुढच्या बिजागरीवर कलते, म्हणून खऱ्या गाडीत केबिनच्या नळ्या, वायरी आणि होज त्या बिजागरीजवळूनच वर नेतात. तिथे हालचाल सगळ्यांत कमी. मी मागच्या बाजूने नेल्या होत्या, जिथे केबिन सगळ्यांत जास्त वर उचलली जाते. एवढं साधं होतं. केबिन हातात धरून दहा वेळा खाली-वर केली असती तर आधीच कळलं असतं.

ट्रेलरला जोडायच्या, स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या नळ्या करताना मात्र मजा आली. बायकोची तीन मिलिमीटरची विणकामाची सुई घेतली, तिच्यावर सोल्डर गच्च गुंडाळली, सुई ओढून काढली, वेटोळं जरासं ताणलं, झालं. किटचा कागद सांगतो सगळं काळं रंगवा. मी सांगेन नका रंगवू. युरोपात यातली एक लाल, एक पिवळी. लाल नळीतून ट्रेलरला सतत हवा मिळत राहते, पिवळीतून ब्रेक मारल्याचा निरोप जातो. ट्रेलर सुटला आणि लाल नळी तुटली तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. विजेची वायर मात्र काळीच. केबिनच्या मागच्या करड्या-काळ्या पसाऱ्यात ते दोन रंगाचे ठिपके इतके उठून दिसतात की बायको पहिल्यांदाच मॉडेलजवळ थांबून म्हणाली, "हे छान झालंय." सुई परत देताना तिच्यावर सोल्डरचा डाग होता, तो प्रसंग वेगळा.

मधेच एक घात झाला, तोही सांगून टाकतो. केबिनवर एका जागी रंगाचा ओघळ आला होता. तो पुसायला म्हणून सियागंजातून आणलेलं साधं एनसी थिनर कापसाला लावलं. हे मॉडेलचं प्लॅस्टिक पॉलिस्टायरीन असतं, त्याला ते थिनर विरघळवतं. मला माहीत होतं. वाचलं होतं. तरी लावलं. पाच सेकंदांत छपराचा कोपरा भाजलेल्या पापडासारखा झाला. रात्री दोन वाजता बसून ४००, मग ८००, मग १२०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासत होतो. आता दिसत नाही, पण बोट फिरवलं तर मला कळतं. त्याच आठवड्यात आरशाचा दांडा झटपट गोंदाने लावला आणि त्याच्या वाफेने खिडकीच्या काचेवर पांढरं धुकं बसलं. ते टूथपेस्टने पुष्कळ निघालं. पारदर्शक भागाजवळ तो गोंद नाही म्हणजे नाही, साधा पांढरा फेविकॉल.

जाडी हा आणखी एक शत्रू. किटमधला मडफ्लॅप एक मिलिमीटर जाड. चोवीसने गुणा: खऱ्या ट्रकला चोवीस मिलिमीटर जाडीचं रबर? दरवाजा आहे का तो? मी ते फेकून डॉक्टरी हातमोजा कापून लावला. पायऱ्यांच्या कडा, आरशांची चौकट, बंपरची खालची धार, जिथे जिथे प्लॅस्टिकची कड उघडी दिसते तिथे मागून घासून पातळ केली. समोरून काहीच बदललं नाही, तरी सगळं हलकं झालं. टायरच्या मधोमध साच्याची शिवण असते, तीही पॉलिश पेपरवर गोल गोल फिरवून काढली. चाललेल्या टायरला शिवण उरत नाही.

बोल्ट करायला सांगाड्याची उरलेली प्लॅस्टिकची काडी ज्योतीवर मऊ करून ओढायची, केसासारखी बारीक दांडी निघते, तिचे काप करून चिकटवायचे. त्यासाठी मी देवघरातली समई वापरली. आईने पाहिलं. "देवापुढे प्लॅस्टिक जाळतोस?" त्या दिवसापासून मेणबत्ती.

समईचा उपयोग मात्र पुढे झाला, आणि आईच्या संमतीने. ट्रक मळवायची वेळ आली तेव्हा. परदेशी रंगपुड्या मिळतात, महाग असतात, शिवाय माझा आता अण्णांच्या शाळेत दाखला झाला होता. सायलेन्सरवर गंज हवा, तर गंज म्हणजे लोहाचा ऑक्साइड, आणि गेरू म्हणजेही तेच. कुंडीला लावायला आणलेला गेरू घरात होताच. टर्पेंटाइनमध्ये कालवून लावला. तीन पातळ हात, प्रत्येक थोडा वेगळा. धुराची काजळी हवी, तर आईने काजळ धरतात तशी समईवर तांब्याची ताटली उपडी धरून मला काजळी जमवून दिली. सायलेन्सरच्या तोंडाशी आणि केबिनच्या मागे जिथे धूर लागतो तिथे कोरड्या ब्रशने ती चोळली. खरी काजळी, खऱ्या ज्योतीची. तिच्यासारखा मऊ काळा रंग बाटलीत नाही.

मग फिफ्थ व्हील. ट्रेलरचा वजनदार पुढचा भाग ज्या ताटावर बसतो ते. नवीन मॉडेलवर बहुतेक जण ते चंदेरी रंगवतात. खऱ्या गाडीवर ते ग्रीसने काळंकुट्ट असतं, आणि ट्रेलर वळताना जिथे घासतो तिथे गोल चकचकीत पट्टे दिसतात. काळ्या ऑइल रंगात थोडं वार्निश घालून ग्रीस केलं, पट्ट्यांसाठी सहा-बी पेन्सिलीचं शिसं बोटाने घासलं. डिझेलच्या टाकीवर झाकणाखाली ओघळ, कारण भरताना थोडं सांडतंच आणि त्या ओल्या जागी धूळ धरते. पायरीच्या मधोमध रंग उडालेला, कडांना शाबूत. पाय मधेच पडतो. चाकांच्या आत ब्रेकची भुकटी. यातल्या प्रत्येक डागाला मी अण्णांना कारण सांगू शकत होतो, म्हणून या वेळी त्यांना न बोलावताच पुढे गेलो.

आणि तिथे पुन्हा पडलो. धुळीसाठी मी खंडवा रोडकडच्या शेतातली काळी माती आणली. वाळवली, खलात कुटली, मलमलीतून तीनदा गाळली. आधी रांगोळी वापरून पाहिली होती, पण तिचा कण या मापात खडीसारखा दिसतो. माती मात्र अप्रतिम बसली. चाकांच्या कमानीत, चासीवर, मडफ्लॅपवर. रात्री दिव्याखाली पाहिला तर पावसाळ्यात भेरूघाट चढून आलेला ट्रक. मला इतका अभिमान वाटला की सकाळी सातला अण्णांचं दार वाजवलं.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. "छान. अगदी आपल्याकडचा वाटतो." मग म्हणाले, "गाडी कुठली म्हणालास?"

"स्वीडनची."

"मग ती आपल्या सोयाबीनच्या शेतात कशाला गेली होती?"

बरं झालं वार्निश मारलं नव्हतं. भाच्याला फोन केला, त्याने जानेवारीतले जर्मन महामार्गावरच्या वाहनतळाचे फोटो पाठवले. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ जमू नये म्हणून मीठ टाकतात. ते पाण्याबरोबर उडतं आणि वाळलं की गाडीवर करडा-पांढरा पापुद्रा राहतो. खाली दाट, दाराच्या मुठीपर्यंत विरळ होत जाणारा, चाकांच्या मागे सगळ्यांत जास्त. समोरच्या काचेवर फक्त वायपर फिरतो तेवढी कमान स्वच्छ. मऊ ब्रशने आणि ओल्या कापसाने मी मालव्याची माती पुसून काढली. पांढरा खडू, चिमूटभर काजळी, टर्पेंटाइन. कागदाचा पंखा कापून वायपरची कमान झाकली आणि बाकीच्या काचेवर थर दिला. मध्य प्रदेशात जन्म गेलेल्या माणसाने मिठाने मळलेला ट्रक करायचा म्हणजे फोटोवर भरवसा ठेवण्यावाचून इलाज नव्हता. मागच्या चाकाच्या आतल्या कडेला थोडी काळी माती राहिली आहे. ती मी काढलेली नाही.

गेल्या रविवारी सगळं वार्निश करून, केबिन बसवून, ट्रक अण्णांसमोर ठेवला. पोहे, जिलेबी, जिरावण, सगळं होतं, ते बाजूला सारलं त्यांनी. पुन्हा आधी उलटाच केला. खिशातली बॅटरी काढली. बोटाने हवेत नळ्या गिरवत गेले: कॉम्प्रेसर, टाकी, डावीकडचा व्हॉल्व्ह, मागे रिले, चेंबर. केबिन कलती केली, काही उपटलं नाही. इंजेक्टरच्या नळ्या मोजल्या. मी श्वास धरून.

"सगळं जुळतंय," ते म्हणाले. मग बॅटरी टाकीवर आणून थांबवली. "हवा दाबली की तिच्यातला ओलावा टाकीत पाणी होऊन बसतो. तुमच्या स्वीडनच्या थंडीत तर बर्फच होईल. ते पाणी काढतोस कुठून?"

टाकीच्या तळाला एक छोटा व्हॉल्व्ह असतो, त्याला कडी असते. ड्रायव्हर ती ओढतो आणि पाणी फुर्रकन बाहेर येतं. गॅरेजातल्या साठ काळ्या फोटोंपैकी एकात तो होताही, उजळवून पाहिल्यावर दिसला.

काल रात्री ०.२ च्या तारेच्या कड्या वळल्या. माझ्या ट्रकाला तीन टाक्या, म्हणून तीन कड्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या. पहिली लागली. तिसरीही लागली. दुसरी चिमट्यातून उडाली आणि फरशीवर कुठेतरी आहे. आई म्हणते सकाळी केर काढताना बघते, तोवर कोणी अनवाणी फिरू नका.